ताटासमोर बसताना



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चातुर्मास सुरू झालेला असेल. काहींच्या घरी आषाढीचा साबुदाणा भिजला असेल, काहींनी उपवास केव्हाच सोडून दिले असतील. उपवासांबद्दल आपण या पानांवर पुष्कळ बोललो आहोत. बाई उपाशी राहते आणि त्याचं पुण्य घरातल्या पुरुषाच्या खात्यावर कसं जमा होतं, यावर मी स्वतः हिरिरीने लिहिलेलं आहे. पण एखादी मुलगी उपाशी राहू लागते आणि मग तिला थांबताच येत नाही, तेव्हा तिच्यासमोर ताट घेऊन बसणाऱ्या बाईचं काय होतं, यावर मी कधी लिहिलं नव्हतं. कारण मला ते माहीत नव्हतं. आता थोडंफार माहीत झालं आहे आणि ते माहीत होण्यासाठी बरीच किंमत मोजावी लागली आहे.

ही गोष्ट माझ्या भाचीची आहे आणि तिच्या परवानगीने लिहिते आहे. वजनाचे आणि कॅलरीचे आकडे मात्र मुद्दाम देत नाही. या आजारात असलेली एखादी मुलगी हे वाचत असेल तर तिला ते आकडे तेवढे लक्षात राहतील आणि बाकीचं सगळं गळून जाईल, हे मी आता शिकले आहे.

२०२३ चं नवरात्र तिने नऊही दिवस केलं. अकरावीत होती तेव्हा. मग मार्गशीर्षातले गुरुवार धरले, मग संकष्ट्या, मग सोमवार. ताईच्या सासूबाईंना कौतुक वाटलं. “आजकालच्या पोरींना कुठे एवढी श्रद्धा असते!” शेजारणींनी “काय छान बारीक झालीस गं” म्हटलं. संक्रांतीपर्यंत तिची पाळी बंद झाली होती. एप्रिलमध्ये सातारा तापलेलं असताना ती स्वेटर घालून बसायची. आणि गंमत म्हणजे, ‘गंमत’ हा शब्द इथे बरा नाही, पण तेव्हा खरंच गंमत वाटली होती, ती सतत स्वयंपाकघरात असायची. पाककृतींची कात्रणं जमवायची. होळीला तिने घरातल्या सगळ्यांना पुरणपोळ्या करून घातल्या, प्रत्येकाच्या पानाशी उभं राहून तूप वाढलं. तिने स्वतः एक तुकडाही तोंडात घातला नाही, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. वाढणारी बाई जेवली की नाही हे पाहण्याची सवय आपल्या घरांना कुठे असते!

ताईने डॉक्टर केले नाहीत असं नाही. एकाने ॲसिडिटीचं औषध दिलं. दुसरीकडे पाळी येण्याच्या गोळ्या मिळाल्या, गोळ्यांनी पाळी आली आणि मूळ प्रश्न आणखी दोन महिने झाकला गेला. तिसऱ्यांनी मुलीकडे पाहिलंही नाही, ताईला विचारलं, “तुम्ही नोकरी करता का? घरात काही ताणतणाव?” ताई शाळेत शिकवते. त्या दिवशी रात्री तिचा मला फोन आला. म्हणाली, “अगं, मला पोरीला नीट जेवूसुद्धा घालता आलं नाही.”

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी ताईला सांगितलं, “तिच्या मागे लागू नकोस. तिचं शरीर आहे, तिचा निर्णय तिला घेऊ दे. आपण आयुष्यभर हेच सांगत आलो ना?” चळवळीत इतकी वर्षं काढलेल्या धाकट्या बहिणीचा सल्ला म्हणून ताईने तो मानला. सहा आठवडे तिने मुलीला काही म्हटलं नाही. सहा आठवड्यांनंतर मुलगी शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली.

पुण्यात आणून तिला रुग्णालयात ठेवावं लागलं. नाडी अतिशय मंद झाली होती आणि रक्तातलं पोटॅशियम घसरलं होतं. पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे मला तिथे कळलं. आणखी एक गोष्ट तिथेच कळली. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपेट जेवू घालणंही धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि जीव जाऊ शकतो. म्हणून सुरुवात थोड्या अन्नाने, रोज रक्त तपासत केली जाते. ‘चार दिवस माझ्याकडे पाठवा, तूपभात खाऊ घालून टुणटुणीत करते’ म्हणणाऱ्या सगळ्या मावश्या-आत्यांनी हे ऐकून ठेवावं. मीही त्यातलीच होते.

ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे आजाराचं नाव. शब्दशः अर्थ घेतला तर ‘मज्जातंतूंमुळे भूक न लागणं’. नाव चुकीचं आहे, कारण भूक लागते, चोवीस तास लागते. मानसिक आजारांमध्ये सर्वांत जास्त जीव घेणाऱ्या आजारांत याची गणना होते. आपल्याकडे हे ‘पाश्चात्त्यांचं खूळ’ समजलं जातं. पण १९९५ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी पाच तरुण मुलींच्या केसेस शोधनिबंधात मांडल्या होत्या. त्यांना जाड होण्याची भीती तशी ठळकपणे दिसली नव्हती. दिसलं होतं ते जेवण नाकारणं, सतत उलट्या, उतरलेलं वजन, बंद झालेली पाळी. म्हणजे मुलगी ‘मी जाड आहे’ असं म्हणतच नाही. ती म्हणते, ‘पोटात गच्च वाटतं’, ‘मळमळतं’, ‘आज संकष्टी आहे’. त्या पाचजणींबद्दल वाचताना मला ताईच्या घरातल्या औषधांच्या बाटल्या आठवत होत्या.

रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि माझं ‘तिचं शरीर, तिचा निर्णय’ हे वाक्य शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. युद्धात लढायला नकार देणारे छत्तीस धडधाकट तरुण स्वेच्छेने त्यात उतरले होते. युद्धाने उपाशी झालेल्या लोकांना परत कसं उभं करायचं हे शोधण्यासाठी अँसेल कीज या शास्त्रज्ञाने त्यांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. ते तरुण चिडचिडे झाले, उदास झाले, भर उन्हाळ्यात कुडकुडू लागले. अन्नाशिवाय दुसरा विचार डोक्यात येईना. ताटातलं अन्न तास-तासभर चिवडत बसायचे. त्यांच्यातले काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले.

हे ऐकल्यावर ताई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. पुरणपोळ्या!

डॉक्टरबाई म्हणाल्या, “उपासमार मेंदूची होते तेव्हा निर्णय घेणारा अवयवच उपाशी असतो. तुम्ही तिला स्वातंत्र्य दिलं नाहीत, तिच्या आजाराला दिलंत. सध्या तिचं औषध म्हणजे जेवण. ते कोणी द्यायचं, एवढाच प्रश्न आहे.”

मला हे सहजासहजी पटलं नाही, आजही पूर्णपणे स्वस्थ वाटत नाही. ‘तुला तुझं कळत नाही’ असं सांगून बायकांना वेड्यांच्या इस्पितळात टाकल्याचा इतिहास काही फार जुना नाही. आपल्या केंद्रात अशा बायका येऊन गेल्या आहेत. पण एक फरक मला दिसला. इथे ताब्यात घेतलेली गोष्ट परत द्यायची असते आणि केव्हा, कशी द्यायची हे आधीपासून ठरलेलं असतं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात घडलेल्या उपचारपद्धतीत हेच तीन टप्पे आहेत. आधी जेवणाची सूत्रं पूर्णपणे घरच्या मोठ्यांकडे, मग हळूहळू मुलीकडे परत आणि मग तिच्या वयाचे बाकीचे प्रश्न. तिथल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की आजार एकोणीस वर्षांच्या आत सुरू झाला असेल आणि तीन वर्षांहून कमी जुना असेल, तर एकट्या मुलीवर उपचार करण्यापेक्षा कुटुंबाला बरोबर घेतल्याने जास्त गुण येतो.

कुटुंबाला बरोबर घेणं ही तेव्हा नवी गोष्ट होती. या आजाराला नाव देणारे लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांचं मत होतं की अशा मुलींची शुश्रूषा करायला नातेवाईक सगळ्यांत अपात्र. त्यांचा तो निबंध १८७४ मध्ये छापला गेला. पॅरिसमध्ये शार्को तर मुलीला आईवडिलांपासून तोडण्याचाच आग्रह धरत. पुढे शंभर वर्षांनी, १९७८ मध्ये, साल्वादोर मिनुचिन यांनी कुटुंबांचा एक साचाच सांगितला. अतिजवळीक, अतिकाळजी, भांडणं टाळणं अशा घरात हा आजार पोसला जातो असं त्यांचं म्हणणं. ‘अतिकाळजी’ म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको. आपणही यातून सुटलेल्या नाही. सूझी ऑरबाख यांची पुस्तकं १९७८ आणि १९८६ मध्ये आली. बाईचा देह बाजारात कसा मांडला जातो आणि त्याचा तिच्या भुकेशी काय संबंध, हे आमच्या पिढीला त्यांनी शिकवलं. ते मी आजही नाकारत नाही. पण आमच्या अभ्यासवर्गात आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणायचो की आई हीच पुरुषसत्तेची पहिली हस्तक असते, मुलीला लहान व्हायला तीच शिकवते. आमच्यातल्या कोणीही त्या आईला ‘रात्री आठ वाजता समोरच्या वाटीचं काय करायचं’ हे सांगितलं नाही.

खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने २०१० मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की कुटुंब हे या आजारांचं मूळ कारण आहे असं मानणाऱ्या कोणत्याही मांडणीला आपला विरोध आहे. २०१९ मध्ये सुमारे सतरा हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आजाराशी जोडलेल्या आठ जागा जनुकांच्या नकाशावर सापडल्या. काही धागे मनाच्या आजारांकडे जातात, काही शरीराच्या चयापचयाकडे. हे सगळं मी ताईला कागदावर लिहून दिलं. तिने तो कागद डब्यात तांदळाखाली ठेवला. महिनाभराने मला म्हणाली, “रोज तांदूळ काढताना वाचते, पण विश्वास बसत नाही.”

रुग्णालयातून सुटल्यावर भाची माझ्याकडे राहिली, ताईने बिनपगारी रजा काढली, दाजी शनिवार-रविवार साताऱ्याहून येत. दिवसातून सहा वेळा खाणं. प्रत्येक वेळी समोर एक मोठं माणूस आणि जेवणानंतर तासभर तिच्याबरोबर. पानात काय आणि किती हे आम्ही ठरवायचं. त्यावर वाटाघाट नाही.

सांगायला सोपं आहे. पहिल्या दिवशी वरणभाताच्या एका वाटीला पन्नास मिनिटं लागली. ताई आधी विनवत होती, “माझ्यासाठी एवढा घास.” मग रडू लागली. मग मुलगी रडणाऱ्या आईची समजूत घालू लागली आणि भात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी बसले. मी युक्तिवाद केला. हाडांची झीज, हृदय, बारावीचं वर्ष, सगळं मुद्देसूद. तिने माझ्यापेक्षा मुद्देसूद उत्तरं दिली. चौथ्या दिवशी मी ओरडले आणि वाटी भिंतीवर गेली. आमटीचा डाग अजून आहे. रंग काढायला हवा, पण काढला नाही.

लंडनच्या जॅनेट ट्रेझर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी दोघींबरोबर २००७ मध्ये घरच्या माणसांसाठी एक पुस्तक लिहिलं. सहलेखिकांपैकी एक अशाच मुलीची आई आहे आणि दुसरीने हा आजार स्वतः भोगलेला आहे. त्यात घरच्यांच्या वागण्याला प्राण्यांची नावं दिली आहेत. पोटाशी धरून जगापासून लपवणारी ती कांगारू. धडक मारून पटवू पाहणारा तो गेंडा. वाळूत मान खुपसणारं शहामृग. भावनांनी पाणी-पाणी होणारा जेलीफिश. आणि व्हावं कोणासारखं, तर डॉल्फिनसारखं. बुडणाऱ्याच्या शेजारून पोहायचं, कधी पुढे होऊन वाट दाखवायची, कधी मागून हलकेच ढकलायचं. डॉक्टरबाईंनी हे सांगितल्यावर आम्ही तिघं बऱ्याच दिवसांनी हसलो. ताई दिवसा कांगारू आणि रात्री जेलीफिश, मी गेंडा, दाजी शहामृग, हे ठरवायला अर्धा मिनिटही लागला नाही. डॉल्फिन आमच्यापैकी कोणी पाहिलेलाही नव्हता.

आणि मग मला न सुचलेली गोष्ट घडली. त्या तिघांत आधी डॉल्फिन झाले ते दाजी.

दाजींनी जन्मात कोणाला जेवू घातलं नव्हतं. चहा सोडला तर त्यांना काही येत नव्हतं. पहिल्या रविवारी नाश्त्याला ते बसले तेव्हा त्यांनी एक वही घेतली. डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं, काय बोलायचं, काय नाही बोलायचं. लिहून घेतलं. मुलगी म्हणाली, “बाबा, मला नाही जमणार.” दाजींनी वहीत पाहिलं आणि म्हणाले, “अवघड जातंय, दिसतंय मला. मी इथेच आहे. पुढचा घास घे.” ती म्हणाली, “तुम्हाला काही कळत नाही.” ते म्हणाले, “खरंय, नाही कळत. पुढचा घास घे.” अर्धे पोहे उरले. दाजींनी वहीत ‘अर्धे’ असं लिहिलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं उरलेल्याच्या बदल्यात दुधाचा पेला समोर ठेवला आणि परत बसले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे पाहत होते. मला आधी रागच आला. बायका खपल्या आणि कौतुक याचं! पण मग विचार करू लागले की यांना हे का जमलं. जमलं, कारण जेवू घालणं ही त्यांची परीक्षा कधी नव्हतीच. पोहे उरले तर पोहे उरले, त्याने त्यांचं बाप असणं कमी होत नव्हतं. येत नाही म्हणून विचारण्यात त्यांना लाज नव्हती. ताईच्या बाबतीत मात्र ताटात उरलेला प्रत्येक घास हा तिच्या आईपणावरचा निकाल होता. ‘लेकराला कसं जेवू घालायचं हे बाईला उपजत कळतं’ हे तिने जन्मभर ऐकलेलं. ज्या कामात आपण उपजतच तरबेज असायला हवं, त्यात हरलो तर शिकायला कोणाकडे जायचं? विचारणं म्हणजेच कबुली देणं. घास पुढे करताना तिचा हात थरथरायचा आणि तो थर मुलीला बरोबर दिसायचा. आजाराला तेवढी फट पुरते.

मराठीत या भूमिकेला नीट शब्दही नाही. ‘काळजीवाहू’ म्हटलं की आपल्याला सरकार आठवतं. आई, बहीण, सून, मावशी एवढे शब्द असताना वेगळा शब्द हवा कशाला, असं भाषेलाही वाटलं असावं. पण शब्द नाही म्हणजे ते काम नाही, काम नाही म्हणजे त्याचं शिक्षण नाही, रजा नाही, पाळी बदलणारं माणूस नाही.

आम्ही मग पाळ्या लावल्या. नाश्ता माझा, दुपारचं जेवण ताईचं, शनिवार-रविवारचे सगळे नाश्ते दाजींचे. ताईने सुरुवातीला दाजींची वही चोरून वाचली, मग उघड वाचली, मग तिच्यात स्वतः लिहू लागली. वहीतली वाक्यं आम्ही तिघांनी पाठ केली. तिन्ही माणसं एकच बोलतात हे कळल्यावर मुलीचं एकाकडून दुसऱ्याकडे जाणं कमी झालं. जेवताना वजन, कॅलरी, दिसणं यावर शब्द नाही. ‘छान दिसायला लागलीस’ हेसुद्धा नाही, कारण तिच्या कानाला ते ‘जाड झालीस’ असं ऐकू जातं. टीव्ही चालेल, पत्ते चालतील, शेजारच्या काकूंच्या मांजराच्या चौकशा चालतील. वाटी फुटली तर फुटली, पुढचं खाणं ठरल्या वेळी. ओरडणं झालं तर नंतर माफी मागायची, पण पानातलं कमी करायचं नाही.

ताईचा हात कधी थरथरायचा थांबला ते मला सांगता येणार नाही. तिलाही नाही. ऑगस्टमध्ये कधीतरी मुलगी तिला म्हणाली, “तू माझी शत्रू आहेस.” ताई म्हणाली, “असेन. हा राजगिऱ्याचा लाडू घे.” आणि मग स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “अगं, मला भूक लागली आहे.” चार महिन्यांत ती आमच्याबरोबर बसून जेवली नव्हती. मुलगी जेवल्यावर, उभ्या उभ्या, उरलंसुरलं. आमच्या आईसारखंच. त्या दिवसापासून आम्ही नियम केला की मुलीसमोर बसणाऱ्याने स्वतःचं पान वाढून घेऊनच बसायचं. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दाजी पहिल्या दिवसापासून स्वतःचे पोहे घेऊन बसत होते, त्यांना त्यात काही वेगळं वाटलंच नव्हतं.

जेवणाची सूत्रं परत द्यायला सुरुवात झाली ती दिवाळीनंतर. आधी चारचं खाणं काय घ्यायचं हे ती ठरवू लागली. मग स्वतः वाढून घेऊ लागली. जानेवारीत मैत्रिणींबरोबर भेळ खायला गेली आणि आम्ही दोघी दीड तास घड्याळाकडे बघत बसलो. परत देणं हे घेण्यापेक्षा अवघड गेलं, निदान मला. मार्चमध्ये ती घसरली, दोन पावलं मागे जाऊन पुन्हा आम्ही वाढू लागलो. एक वर्ष मागे पडलं, पण बारावी झाली. पाळी सुरू झाली आहे. काही दिवस अजूनही वाईट जातात. परीक्षा, लग्नकार्यं आणि नवरात्र हे आमच्या घरचे धोक्याचे दिवस. आता घरात उपवास कोणीच करत नाही. ताईच्या सासूबाईंनीही आपणहून सोडला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, एक शब्द न बोलता.

एक इशारा दिल्याशिवाय हे पान संपवता येणार नाही. ज्या घरात मारहाण आहे, लैंगिक छळ आहे, तिथे मुलीच्या जेवणाची सूत्रं ‘कुटुंबाच्या हाती’ द्या असं मी कधीही म्हणणार नाही. आपल्याकडे येणाऱ्या मुलींपैकी काहींची घरं अशीच आहेत. तिथे आधी मुलीची सुरक्षितता. आणि वयाने मोठ्या बायकांना, ज्यांना हा आजार वीस-वीस वर्षं आहे, त्यांना सोळा वर्षांच्या मुलीचे नियम लावता येत नाहीत. त्यांच्याशी त्यांच्या संमतीनेच वाट काढावी लागते. कोणाच्याही बाबतीत चक्कर, छातीत धडधड, वारंवार उलट्या, पाणीही नाकारणं किंवा मरणाची भाषा दिसली, तर वही-पाळ्या बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बोलण्यासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. आणि विमा असेल तर लक्षात ठेवा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याचं संरक्षण द्यावं लागतं. आमचा पहिला दावा फेटाळला गेला होता. कायद्याचं कलम २१ लिहून दुसरं पत्र दाजींनी पाठवलं तेव्हा पैसे मिळाले.

हा मजकूर छपाईला देण्याआधी भाचीने वाचला. दोन परिच्छेद खोडले, ते खोडलेलेच राहिले आहेत. वाटीचा प्रसंग राहू दे म्हणाली. “पण ती आमटी नव्हती मावशी, कढी होती,” असंही म्हणाली. मला आमटीच आठवते. डाग तपासून पाहिला, पिवळा आहे, त्यावरून काही ठरत नाही.

गेल्या वर्षीपासून आपल्या केंद्रात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता अशा घरांतली माणसं एकत्र बसतात. सध्या आम्ही सातजणी आहोत आणि दाजी. व्याख्यान नसतं. कोणाकडे या महिन्यात काय झालं, समोर बसून काय म्हटलं, काय म्हणायला नको होतं, एवढंच बोलतो. कधी कधी दोघी समोरासमोर बसून घास पुढे करण्याचा सराव करतात, एक आई होते आणि दुसरी मुलगी, आणि मुलगी झालेली बाई इतकी बिनतोड उत्तरं देते की सगळ्या हसतात. चारला चहाबरोबर खायला असतं आणि ते सगळ्यांनी बसून खायचं असतं. ज्यांना यायचं आहे त्यांनी जरूर या, आधी पत्र किंवा फोन केला नाही तरी चालेल. मात्र येताना घरातलं आणखी एक माणूस बरोबर आणा, शक्यतो पुरुष. वही आम्ही देऊ.